ब्रेक सुस्थितीत

"पेडल दगडासारखं झालं गं पायाखाली," अण्णा म्हणाले. "दाबलं, दाबलं, पर हालंचना."

हातकणंगल्याच्या पोलीस ठाण्यात व्हरांड्यातल्या बाकावर ते बसले होते. पांढऱ्या सफारीच्या बाहीवर रक्त वाळून तपकिरी झालं होतं. ते त्यांचं नव्हतं. त्यांना साधा ओरखडाही आला नव्हता. हवालदारानं दिलेला चहा शेजारी तसाच पडला होता, वर साय धरली होती.

"अक्का कशा हायत?"

मी सरकारी दवाखान्यातूनच येत होते. तिथं भूपालशेठ भिंतीला कपाळ टेकून उभे होते आणि त्यांच्या मुलानं मला हातानंच 'जा' म्हणून सांगितलं होतं.

"अण्णा, अक्का गेल्या."

त्यांनी बाहीवरचा डाग अंगठ्यानं घासला. मग म्हणाले, "बाहुबलीचं दर्शन झालं. उतारावर मला म्हणाल्या, हळू चल रे गणपती. मी हळूच हुतो गं. म्होरं उसाची ट्रॉली वळली. लई लांब हुती. कुणाचीबी गाडी थांबली असती."

"पेडल घट्ट झालं म्हणालात?"

"दगड. तुला सांगतो, दोन्ही पायांनी उभा ऱ्हायलो त्याच्यावर."

मी मान हलवली आणि जामिनाचे कागद आणायला आत गेले.

अण्णा, म्हणजे माझे वडील गणपती खाडे, इचलकरंजीत भूपालशेठ शिरगुप्पे यांच्याकडं बावीस वर्षं ड्रायव्हर होते. शेठची सूतगिरणी होती. अक्का म्हणजे शेठच्या आई. माझी आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. सकाळी अण्णा माझी वेणी घालायचे आणि ती नेहमी एका बाजूला कलायची. शाळेत जाताना ते मला शेठच्या घरावरून न्यायचे, तेव्हा अक्का ओसरीवर बसवून ती सोडायच्या आणि परत घालायच्या. "गणपती, तुला गाडीच वळवता येती," म्हणायच्या. बी.कॉम. झाल्यावर मला नोकरी लागली तीही त्यांच्यामुळंच. शेठनी नुकतीच वेनबरी घेतली होती. अक्कांनी त्यांना सांगितलं, "एवढी मोठी गाडी घेतलीस, तर त्या दुकानात गणपतीच्या पोरीला चिकटव." शेठनी फोन केला. आठ दिवसांत मी कोल्हापूरला हायवेवरच्या वेनबरीच्या वर्कशॉपमध्ये सुट्या भागांच्या स्टोअरला रुजू झाले.

वेनबरी ही विलायतेतली जुनी, मानाची गाडी. मूळ कारखाना कधीच डबघाईला आला होता. परदेशातल्या एका अवाढव्य कंपनीनं तो नावासकट, बिल्ल्यासकट विकत घेतला होता. हीच कंपनी टिंगो नावाची छोटी गाडी बनवायची, गल्लीत दर चार घरांमागं एक दिसायची तसली. पण टिंगोचं शोरूम वेगळं, आमचं वेगळं. आमच्याकडं ग्राहकाला काचेच्या पेल्यातून पाणी द्यायचे. ट्रेनिंगच्या पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की ग्राहकासमोर त्या दुसऱ्या गाडीचं नावसुद्धा काढायचं नाही.

अण्णांना त्या गाडीचं फार कौतुक. आली त्या संध्याकाळी शेठना विचारून ते ती आमच्या गल्लीत घेऊन आले होते. मला मागं बसवलं आणि शिरढोणच्या रस्त्यानं एक चक्कर मारली.

"आवाज येतोय काय?" आरशातून बघत त्यांनी विचारलं.

"नाही."

"त्येच तर," ते म्हणाले, आणि घरापर्यंत हसत राहिले.

अपघाताच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर गेले. जायला नको होतं, पण घरी अण्णांसमोर बसवत नव्हतं. अकराच्या सुमाराला, तपासणी होईपर्यंत ठेवायला म्हणून, पोलिसांनी क्रेननं ओढत गाडी आणली. डावी बाजू पूर्ण आत गेली होती. अक्का नेहमी डाव्या बाजूला बसायच्या. उजवीकडचा भाग, अण्णांच्या समोरचा, धुऊन पुसून ठेवल्यासारखा होता.

वर्कशॉपचे मॅनेजर कामत साहेब यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि स्वतः उठून दार लावलं.

"बस सुवर्णा. वडील कसे आहेत?"

"बरे आहेत."

"काही म्हणाले?"

मी त्यांच्याकडं नुसतं बघितलं. त्यांना कळलं. काय कळलं ते सांगायचं तर वीस दिवस मागं जावं लागेल.

पायाचा जोर वाढवून ब्रेकपर्यंत पोचवणारा एक काळा गोल डबा गाडीत असतो. आम्ही त्याला बूस्टर म्हणतो. तो निकामी झाला की पेडल दगडासारखं होतं आणि गाडी थांबत नाही. एका वर्षी बनलेल्या टिंगो गाड्यांच्या बूस्टरमध्ये दोष निघाला होता. कंपनीनं पेपरात जाहिरात देऊन त्या गाड्या परत बोलावल्या, फुकट बदलून दिल्या. मग आमच्याकडं एक पत्र आलं. त्यात आमच्या शोरूममधून गेलेल्या चौदा वेनबरींचे नंबर होते. या गाड्या सर्व्हिसिंगला आल्या की बूस्टर गुपचूप बदलायचा, ग्राहकाला सांगायचं नाही, बिलावर लिहायचं नाही. नवे डबे आले ते मीच उघडले. वर वेनबरीचा चंदेरी स्टिकर होता. एकाचा कोपरा सुटला होता. मी तो नखानं ओढला तर खाली टिंगोचा छाप होता.

तेव्हा मी कामतांना विचारलं होतं, "साहेब, यांनाही लगेच फोन करून का नाही बोलवत?"

ते म्हणाले, "सुवर्णा, हा माणूस टिंगोच्या पंचवीसपट पैसे कशाचे देतो? नावाचे. पायाखाली टिंगोचा डबा आहे हे त्याला पेपरात वाचायला लागलं, तर नाव राहिलं का? महिनाभरात सगळ्या येऊन जातील. काळजी करू नकोस."

चौदांत सहावा नंबर शेठच्या गाडीचा होता. मी त्यांना महिनाअखेरच्या मंगळवारची तारीख दिली. घरी अण्णांना सांगितलं, "महिनाअखेरच्या मंगळवारी गाडी घेऊन या, सर्व्हिसिंग आहे."

"आत्ताच तर झालं की दिवाळीत."

"कंपनीचा नियम आहे."

"मग आणतो," ते म्हणाले.

तो मंगळवार यायला सहा दिवस होते, तेव्हा अक्का बाहुबलीला निघाल्या.

केबिनमध्ये कामत सांगत होते, "उद्या आरटीओचे इन्स्पेक्टर येणार आहेत गाडी तपासायला. वरून फोन आला होता, मुंबईहून. आज दुपारी इम्तियाज तो डबा बदलेल. तुला फक्त स्टोअरमधून एक द्यायचा आहे. सही लागेल तुझी."

"साहेब, माझे वडील..."

"त्यांच्यासाठीच सांगतोय. हे बाहेर आलं तर केस दहा वर्षं चालेल, शोरूम बंद होईल. इथं साठ घरं जेवतात. आणि न आलं तर हा एक साधा अपघात आहे. कंपनीचा वकील देऊ. ट्रॉलीवाल्यानं आडवी घातली. वडील सुटतील. माझा शब्द आहे."

मी सव्वीस वर्षांची होते. माझ्यावर कुणी ओरडलं नाही, कुणी धमकी दिली नाही. कामतांनी फक्त पेन माझ्याकडं सरकवलं. मी स्टोअरमध्ये गेले, एक डबा काढला, चिठ्ठी लिहिली, सही केली. इम्तियाजभाई तो घ्यायला आले तेव्हा माझ्याकडं बघून थांबले.

"देऊ नकोस वाटलं तर," ते हळूच म्हणाले. "मी सांगतो मिळाला न्हाई म्हणून."

"घ्या," मी म्हणाले.

इन्स्पेक्टरांनी प्रामाणिकपणे तपासलं. समोर जे होतं ते त्यांनी लिहिलं. 'ब्रेक यंत्रणा सुस्थितीत.' 

तो अहवाल घेऊन ठाण्यातला हवालदार घरी आला, त्या संध्याकाळी अण्णा दारात उभे राहून मला विचारत होते, "सुवर्णा, तू तितंच काम करतीस. तू बघितलीस काय गाडी?"

"बघितली."

"ब्रेक खराब न्हवता?"

"नाही अण्णा. ब्रेक ठीक होता."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी खोटं बोलत असेन असं त्यांच्या मनात आलंच नाही. त्यांनी मान खाली घातली आणि स्वतःच्या उजव्या पायाकडं बघितलं.

त्यानंतरचे महिने मी त्या पायाकडं बघण्यात घालवले. जेवताना, पेपर वाचताना, खुर्चीत बसल्या बसल्या त्यांचा पाय फरशीवर दाबला जायचा. एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं. आठवायचा प्रयत्न करत होते. एकदा मी स्वयंपाकघरातून आले तर ते डोळे मिटून, हात स्टिअरिंगवर असल्यासारखे धरून बसले होते आणि ओठ हलत होते. "ट्रॉली वळली... पाय उचलला... ठेवला..." मला बघून त्यांनी हात खाली घेतले.

पंधरा दिवसांनी ते शेठना भेटायला गेले. मी सोबत होते. अक्कांच्या फोटोसमोर दिवा होता. अण्णा उंबऱ्याच्या आत आले नाहीत, बाहेरूनच हात जोडून उभे राहिले.

"शेठ, ब्रेक लागला न्हाई. आईची शपथ."

भूपालशेठ रागावले असते तर बरं झालं असतं. ते फार थकलेल्या आवाजात म्हणाले, "गणपती, एवढ्या मोठ्या कंपनीची गाडी आहे. सगळ्या जगात चालते. सरकारी माणसानं तपासली. तिचा ब्रेक लागत नाही असं मी कसं मानू? तू बावीस वर्षं माझ्याकडं आहेस, मी पोलिसांना एक शब्द तुझ्याविरुद्ध सांगितलेला नाही. फक्त मला खरं सांग. डोळा लागला होता का?"

अण्णांनी जोडलेले हात सोडले आणि ते पायरी उतरले.

रस्त्यानं येताना त्यांनी मला विचारलं, "लागला असंल काय गं?"

मी म्हणाले, "नाही हो अण्णा."

"शेठ म्हणत्यात म्हंजे लागला असंल. आदल्या दिवशी नीट झोप न्हवती झाली मला."

कंपनीचा वकील आलाच नाही. मी दोनदा विचारलं तेव्हा कामत म्हणाले की कंपनीनं यात पडू नये असं वरून आलंय. मी मग एक साधे वकील धरले. त्यांनी सांगितलं की पहिल्या तारखेला आरोप वाचून दाखवतील, 'गुन्हा नाकबूल' एवढंच म्हणायचं, पुढचं मी बघतो.

त्याच आठवड्यात मी ते पत्र आणि माझ्या सहीची चिठ्ठी, दोन्हींची झेरॉक्स काढली. जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते मी सहा महिन्यांनी केलं.

तारखेच्या दिवशी सकाळी अण्णा इस्त्रीचा शर्ट घालत होते. एका बाहीचं बटण लावून झालं होतं.

"अण्णा, बसा जरा. ब्रेक खराब होता."

ते बसले. मी सगळं सांगितलं. पत्र, चौदा गाड्या, तो डबा, इन्स्पेक्टर यायच्या आदली दुपार. सांगताना मी त्यांच्या दुसऱ्या बाहीकडं बघत होते, ती उघडी लोंबत होती.

"म्हंजे माझा पाय चुकला न्हवता," ते म्हणाले.

"नाही."

"डोळाबी लागला न्हवता."

"नाही अण्णा."

त्यांनी दोन्ही तळहातांनी तोंड झाकलं आणि एक मोठा श्वास सोडला. मला वाटलं ते रडतायत. हात काढले तेव्हा चेहरा कोरडा होता. कितीतरी दिवसांनी मी तो तसा मोकळा बघत होते.

मग त्यांनी विचारलं, "तुला कधीपासनं ठावं हाय?"

"आधीपासून."

"कशाच्या आदी?"

"अक्का जायच्या आधी."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली, तरी ते बघतायत हे कळत होतं. बाहेर यंत्रमागांचा खडखडाट चालू होता. आमच्या गल्लीत तो कधीच थांबत नाही.

"डबा बदलला त्या कागदावर सही कुणाची?"

"माझी."

"कामतसायबाची न्हाई?"

"नाही. माझ्या एकटीचीच."

"हे कोर्टात दिलं तर तुला काय हुईल?"

"पुरावा बदलला म्हणून माझ्यावर केस होईल."

"आत घालतील?"

"घालू देत. मी देणार आहे, अण्णा. ठरवलंय मी."

"बघू कागद."

मी दिले. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी फक्त माझी सही बघितली, बराच वेळ. मग कागद घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवले आणि दुसऱ्या बाहीचं बटण लावलं.

"माझ्याकडं असू देत. वकिलाला मीच देतो," ते म्हणाले. "चल, उशीर हुईल."

कोर्टात आमचं नाव यायला दुपार झाली. मधे एकदा अण्णा मागच्या बाजूला मुतारीत जाऊन आले. पुढच्या बाकावर भूपालशेठ मुलाबरोबर बसले होते. अण्णांनी लांबूनच त्यांना नमस्कार केला.

न्यायाधीश बाई होत्या, तरुणच होत्या. त्यांनी आरोप वाचून दाखवला आणि विचारलं, "गुन्हा कबूल आहे का?"

"कबूल हाय."

आमच्या वकिलांनी त्यांचा दंड धरला. "अहो, नाकबूल म्हणा."

"कबूल हाय, बाईसाहेब," अण्णा पुन्हा म्हणाले, या वेळी मोठ्यानं.

बाईंनी चष्मा काढला. "कुणी दबाव आणलाय का तुमच्यावर? यात शिक्षा होऊ शकते, हे समजतंय का?"

"समजतंय."

"काय झालं ते सांगा."

"डोळा लागला माझा. जागा झालो तवर ट्रॉली म्होरं हुती. गडबडीत पाय चुकला." ते थांबले आणि पुढच्या बाकाकडं बघून म्हणाले, "गाडी चांगली हुती."

भूपालशेठनी डोळ्यांवर रुमाल धरला. सहा महिने ज्याची ते वाट बघत होते ते त्यांना मिळालं होतं.

मी उभी राहिले. खरंच उभी राहिले होते, तोंडही उघडलं होतं. अण्णांनी वळून माझ्याकडं बघितलं आणि हाताचा पंजा खाली केला. लहानपणी धावत्या गाडीत मी सीटवर उभी राहिले की आरशात बघून ते तसाच हात करायचे.

मी बसले.

सहा महिन्यांची शिक्षा झाली. पोलीस त्यांना घेऊन जात होता तेव्हा मी जवळ गेले. "कागद कुठं आहेत, अण्णा?"

"कसले?" ते म्हणाले.

मी त्यांच्या खिशाला हात लावला. खिसा रिकामा होता.

सुटून आल्यावर त्यांनी एका शाळेत गेटवर काम धरलं. पाच वर्षं केलं. त्या सकाळबद्दल आम्ही पुन्हा कधी बोललो नाही, ना त्यांनी काढलं, ना मी. मी ताट वाढायचे, ते जेवायचे, चांगलं झालंय म्हणायचे. एका पहाटे ते झोपेतच गेले. शिरगुप्प्यांच्या घरून कुणी आलं नाही आणि कुणी यावं असा आमचा हक्कही राहिला नव्हता.

त्यानंतर दीड वर्षांनी पेपरात आतल्या पानावर बातमी आली. परदेशात कुणा ग्राहकानं कोर्टात खेचल्यावर कंपनीनं जुन्या वेनबरी परत बोलावल्या होत्या. कारण, ब्रेक. मी ते पान घेऊन भूपालशेठकडं गेले. ते आता घरीच असायचे, काठी घेऊन चालायचे. मला त्यांनी आधी ओळखलं नाही.

बातमी त्यांनी दोनदा वाचली. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, काही न वगळता.

"गणपतीला माहीत होतं हे?" त्यांनी शेवटी विचारलं.

"कोर्टात जायच्या आधी तासभर कळलं. मीच सांगितलं."

"तासभर आधी." त्यांनी काठी भिंतीला टेकवायचा प्रयत्न केला, ती पडली. मी उचलून दिली. "आणि तरी माझ्यासमोर उभा राहून म्हणाला, डोळा लागला."

"हो."

"मी एकदाही गेलो नाही त्याला भेटायला. कळंब्याच्या तुरुंगात, इतक्या जवळ. तू जायचीस?"

"दर आठवड्याला."

"काय बोलायचा?"

"काही नाही. जाळीपलीकडून एकच विचारायचे."

"काय?"

"कामावर जातीस न्हवं?"

शेठ माझ्याकडं बघत राहिले. मग अगदी हळू त्यांनी विचारलं, "आणि तू?"

"जात होते, शेठ," मी म्हणाले. "रोज जात होते."